जायंट्समध्ये जागा कुणाची: नव्या पोरांची की जुन्याजाणत्यांची?

ईस्टबेकर

आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा, म्हणजे आपल्या बेसबॉल संघाचा, २०२५चा मोसम ८१ विजय, ८१ पराभव असा संपला. बॉब मेल्विन गेले, टेनेसी विद्यापीठातून टोनी विटेलो मॅनेजर म्हणून आले, आणि हिवाळाभर इथे बे एरियात चार मराठी जायंट्सवाले जमले की विषय एकच: ब्राइस एल्ड्रिजचं काय करायचं? पोरगा सप्टेंबरात पहिल्यांदा वर, म्हणजे मुख्य संघात, आला, ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा झाला. सहा फूट सात इंच उंची, डावखुरा, ताकद अफाट. सप्टेंबरातल्या मोजक्या सामन्यांत बॅट चालली नाही, स्ट्राइकआउट भरपूर झाले. लगेच सूर निघाला की याला अजून वर्षभर खाली सॅक्रामेंटोच्या दुय्यम संघात ठेवा आणि डीएचला, म्हणजे फक्त बॅटिंग करणाऱ्याच्या जागी, एखादा अनुभवी माणूस आणा.

मला हे अजिबात पटत नाही. एल्ड्रिजला पहिल्या दिवसापासून मुख्य संघाच्या २६ जणांत घ्या आणि रोज खेळवा. तिशी ओलांडलेला डीएच एका वर्षाच्या करारावर आणू नका.

कारण सांगतो. आपल्या संघाने ही गोष्ट एकदा भोगली आहे. २०१० ला वर्ल्ड सिरीज जिंकली आणि २०११ ला संघ जुन्यांच्या हवाली केला. शॉर्टस्टॉपला ३७ वर्षांचा मिगेल तेहादा. फर्स्ट बेसला ऑब्री हफ, कारण त्याच्याशी नुकताच दोन वर्षांचा करार झालेला. ब्रँडन बेल्ट पहिल्या दिवशी संघात होता, पण एप्रिलमध्येच खाली गेला आणि पुढे वर्षभर त्याची वर-खाली फरफट झाली. ब्रँडन क्रॉफर्डने मे महिन्यात मिलवॉकीत पदार्पणाच्या सामन्यातच ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमर, मारला. जुलैअखेर ऑर्लँडो काब्रेराला आणला, वय ३६, आणि क्रॉफर्डची रवानगी फ्रेस्नोला, आपल्या तेव्हाच्या दुय्यम संघात. हाती काय लागलं? नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत कमी धावा आपल्या. सप्टेंबर उजाडताच तेहादालाही सोडून दिलं. ऑक्टोबर आपण घरी बसून काढला.

आता २०१४ बघा. सेकंड बेसला माणूस मिळेना म्हणून जुलैत डॅन अग्लाला आणलं. नावाजलेला, ३४ वर्षांचा. चार सामने, ११ ॲट-बॅट्स (बॅटिंगच्या पाळ्या), एकही हिट नाही. जून महिन्यात वर आलेला जो पॅनिक मात्र रोज खेळत राहिला. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. कॅन्सस सिटीविरुद्ध, तिसरी इनिंग, २-२. फर्स्टवर त्यांचा लॉरेन्झो केन, बॅटवर हॉस्मर. हॉस्मरचा बॉल पिचरच्या बाजूने मधोमध निघाला, सरळ सेंटर फील्डला जाणार. पॅनिकने झेप घेतली आणि जमिनीवर पडल्या पडल्या, बॉल हातात काढत न बसता, ग्लोव्हमधूनच क्रॉफर्डकडे ढकलला. क्रॉफर्डने सेकंडवर केनला बाद केलं आणि तसाच फर्स्टला बेल्टकडे फेकला. हॉस्मरने डोकं पुढे घालून सूर मारला होता. आधी सेफ दिला, रिप्ले बघून आउट झाला. पॅनिक, क्रॉफर्ड, बेल्ट, तिघंही आपल्याच फार्ममधून, म्हणजे दुय्यम संघांतून, आलेली पोरं. पॅनिकचं वय २३.

कँडलस्टिक

सातव्या मॅचचं नाव काढलंत म्हणून उरलेलंही सांगतो. त्या मॅचला डीएच कोण होता? मायकल मोर्स. वय ३२, एका वर्षाच्या करारावर आणलेला. तुम्ही नको म्हणता नेमका तसाच माणूस. पहिली धाव त्याच्या सॅक्रिफाइस फ्लायवर आणि चौथ्या इनिंगमधली तिसरी, म्हणजे जिंकवणारी धावही त्याच्याच सिंगलवर. आपला पिचर हडसन दुसऱ्या इनिंगमध्येच डगमगला तेव्हा पस्तिशीचा अफेल्ट आला, सव्वादोनच्या वर इनिंग शून्यावर काढल्या, आणि अधिकृत विजय त्याच्याच नावावर आहे. बमगार्नरच्या पाच इनिंग सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण त्याच्या हातात आघाडी कुणी दिली तेही बघायला हवं.

आणि २०११चं खापर म्हाताऱ्यांवर फोडणं हा अन्याय आहे. २५ मे रोजी होम प्लेटवर आपला कॅचर बस्टर पोझीचा पाय मोडला. मोसम तिथेच संपला.

पोझीचं नाव आलंच आहे तर २०१० ही बघा. तेव्हा तो फ्रेस्नोत होता आणि रोज बॉल बडवत होता. पेपरात, रेडिओवर एकच ओरड, त्याला वर आणा. संघाने अनुभवी कॅचर बेंजी मोलिनाला एका वर्षासाठी परत घेतलेलं होतं. लिन्सिकम, मॅट केन, सांचेझ हे पिचर सगळे त्याच्या हाताखाली पिचिंग करायला सरावलेले. संघाने घाई केली नाही. मे महिन्याच्या शेवटी पोझी वर आला तोही आधी फर्स्ट बेसला. महिनाभर शेजारी राहून पिचर कसे हाताळतात ते त्याने बघितलं, आणि मग जून संपता संपता मोलिनाला टेक्सासला दिलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पोझी रूकी ऑफ द इयर, आणि वर्ल्ड सिरीज आपण टेक्सासविरुद्धच, म्हणजे मोलिनाविरुद्धच, जिंकली. मोलिना काही संपलेला नव्हता. टेक्सासला गेल्यावर पंधरवड्यात फेनवेवर त्याने सायकल (एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होमर) पूर्ण केली, त्यात एक ग्रँड स्लॅम. चांगल्या माणसाला शेवटपर्यंत वापरलं आणि योग्य वेळी बदललं, याला मी व्यवस्थापन म्हणतो.

शॉर्टस्टॉप

कँडलस्टिक काका, मोलिनाबद्दल आदर आहे. पण २०१० ला आपण डिव्हिजन कशी जिंकली ते आठवा. मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी, सान डिएगोला हरवून. त्या दिवशी हरलो असतो तर पोझीशिवाय काढलेले एप्रिल-मे सगळ्यांना आठवले असते. शेवट गोड झाला म्हणून वाट बघणं बरोबर ठरत नाही. एप्रिलची मॅच आणि सप्टेंबरची मॅच तक्त्यात सारखीच मोजली जाते.

हिशेबनीस

सगळे खेळाबद्दल बोलताहेत, पण यातला निम्मा भाग कागदावरचा आहे. नव्याने बघणाऱ्यांसाठी लिहितो.

मोसम साधारण १८६-१८७ दिवसांचा. खेळाडू १७२ दिवस वर राहिला की त्याचं एक पूर्ण वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की तो मोकळा, हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो. म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खाली ठेवला तर संघाला एक अख्खं वर्ष जास्तीचं मिळतं. क्रिस ब्रायंटचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१५ च्या स्प्रिंगमध्ये नऊ होमर, तरी त्याचा संघ शिकागो कब्ज म्हणाला की फील्डिंग सुधारायला हवं. १७ एप्रिलला वर आणला. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. त्याने तक्रार केली, निकाल त्याच्या विरोधात गेला. २०२२ च्या करारात यावर थोडा तोडगा काढलाय. नावाजलेला नवा खेळाडू पहिल्यापासून वर ठेवला आणि तो पुढे रूकी ऑफ द इयर झाला तर संघाला ड्राफ्टमध्ये जास्तीची निवड मिळते.

दुसरी बाजू ऑप्शनची. चाळीस जणांच्या यादीतल्या नव्या खेळाडूला तीन मोसम वर-खाली करता येतं. जुन्याला नाही. पाच वर्षं सर्व्हिस झालेला माणूस खाली जायला सरळ नकार देऊ शकतो. मग त्याला काढायचं तर डीएफए, म्हणजे यादीतून बाहेर, करावं लागतं, आणि पगार बहुतेक वेळा आपणच भरायचा. म्हणून एक जागा आणि दोन माणसं असली की खाली जातो तो ज्याच्याकडे ऑप्शन शिल्लक आहे तो. कोण चांगला खेळतोय हे कित्येकदा नंतर येतं.

ईस्टबेकर

हिशेबनीस, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. माझा राग नेमका त्यावरच आहे. ज्याला हलवणं सोपं त्याला हलवतात, आणि वर त्याला "विकासाची योजना" म्हणतात.

मीनल ता.

माझा धाकटा इथल्या बे एरियातल्या डब्लिनमध्ये लहान मुलांची लिटल लीग खेळतो, त्यामुळे पोरांच्या मनाचं काय होतं ते रोज बघते. म्हणून लिहावंसं वाटलं.

जॅक्सन हॉलिडे, बॉल्टिमोर, २०२४. वीस वर्षांचा, सगळ्या याद्यांत पहिल्या क्रमांकाचा. ओरिओल्सने एप्रिलमध्ये वर आणला. ३४ ॲट-बॅट्समध्ये दोन हिट, १८ स्ट्राइकआउट. दोन आठवडे उलटले आणि परत खाली. तो पुढे सावरला, जुलैअखेर परत आला आणि ग्रँड स्लॅमही मारला. पण प्रत्येकाचे वडील मॅट हॉलिडेसारखे ऑल-स्टार नसतात, घरात समजावणारं कुणी नसतं. "रोज खेळवा" लिहायला सोपं आहे. आयुष्यात पहिल्यांदा अपयश बघणारा एकवीस वर्षांचा मुलगा चाळीस हजार लोकांसमोर रोज उभा राहणार, तेव्हा त्याच्या बाजूला कुणीतरी हवं.

क्रॉफर्डचंच पुढचं आयुष्य बघा. आपल्या शेजारच्या प्लेझंटनचा मुलगा. लहानपणी कँडलस्टिकच्या, आपल्या जुन्या मैदानाच्या, कठड्याशी उभा असलेला त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. चार गोल्ड ग्लोव्ह, दोन अंगठ्या. २०२३ ला बॅट पार बसली, ॲव्हरेज .१९४. शेवटच्या दिवशी पार्कमध्ये लोकांनी उभं राहून निरोप दिला. पुढच्या वर्षी तो सेंट लुईसला गेला, तिथल्या मेसिन विनच्या मागे राखीव म्हणून. २८ सामने मिळाले, ऑगस्टमध्ये सोडलं, नोव्हेंबरात निवृत्ती. आकडे बघितले तर वाया गेलेला करार वाटेल. पण विन तेव्हा बावीस वर्षांचा होता, पहिलंच पूर्ण वर्ष, आणि रोज शॉर्टस्टॉपला तोच खेळत होता. वसंतापासून त्याच्यासोबत ग्राउंडर घेणारा माणूस क्रॉफर्ड होता. २०२५ चा गोल्ड ग्लोव्ह विनला मिळाला. सगळं श्रेय क्रॉफर्डचं असं मी म्हणणार नाही, पण त्या दोन मिलियनचा हिशोब .१६९ या आकड्यात होत नाही.

ईस्टबेकर

मीनलताई, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! सेंट लुईसने विनला रोज खेळवलं आणि क्रॉफर्डला बाकावर बसवलं. मला हेच हवंय. जुना माणूस शिकवायला ठेवा, पण त्याने पोराची जागा अडवता कामा नये.

त्याच वर्षी आपण काय केलं ते आठवतंय? क्रॉफर्ड गेल्यावर शॉर्टस्टॉप मार्को लुसियानो असं हिवाळाभर सांगितलं. मग स्प्रिंगमध्ये निक अहमदला बोलावलं, ३४ वर्षांचा, दोन गोल्ड ग्लोव्ह, बॅट कायम हलकी. पहिल्या दिवशी अहमद खेळला आणि लुसियानो सॅक्रामेंटोला. मे महिन्यात अहमद दुखावला म्हणून लुसियानो वर. थोडं बरं खेळतोय तोच हॅमस्ट्रिंग. मग खाली. मग कधी डीएच, कधी सेकंड. जुलैत अहमदलाही सोडून दिलं, आणि तो डॉजर्सच्या कपड्यांत येऊन आपल्याविरुद्धच होमर मारून गेला. २०२५ पूर्ण वर्ष लुसियानो सॅक्रामेंटोत. ऑप्शनची सगळी वर्षं अशी जाळली आणि तो खेळू शकतो की नाही याचं उत्तर आजही कुणाकडे नाही. अपयशी ठरला असता तरी चाललं असतं. त्याला अपयशी ठरण्याइतकेही ॲट-बॅट्स दिले नाहीत.

पोझी-मोलिना हे धोरण होतं. लुसियानो-अहमद ही धरसोड होती. माझं भांडण धरसोडीशी आहे.

दादरचा

मी मूळचा क्रिकेटवाला, इथे येऊन बेसबॉल शिकलो, त्यामुळे जरा वेगळ्या अंगाने. मार्च २०२४, वानखेडे, रणजी फायनल, मुंबई विरुद्ध विदर्भ. दुसऱ्या डावात १९ वर्षांच्या मुशीर खानने १३६ काढल्या. समोर रहाणे, ३५ वर्षांचा कॅप्टन, ७३. दोघांनी शंभरावर भागीदारी केली. शेवटची विकेट धवल कुलकर्णीने घेतली, त्याचा तो शेवटचा सामना. मुंबई बेचाळिसाव्यांदा विजेती. पोरं की जुने असा वाद तिथे कुणी घातला नाही, दोघं हवे होते म्हणून दोघं खेळले.

शॉर्टस्टॉप

दादरकर, आठवण सुंदर आहे पण इथे लागू होत नाही. रणजीत अकरा जागा आणि थोडे सामने. इथे १६२. शिवाय रहाणे आणि मुशीर एका जागेसाठी भांडत नव्हते. एल्ड्रिजचा प्रश्नच असा आहे की फर्स्ट बेसला डेव्हर्स आहे, २०३३ पर्यंत करार. त्यामुळे उरतो फक्त डीएच. तिथे नवा माणूस आणला की दार बंद.

आणि काका, २०२५ मधल्या पिचर वर्लँडरबद्दल तुमचं काय मत? ४२ वर्षांचा, पंधरा मिलियन. पहिल्या विजयासाठी जुलैचा उत्तरार्ध उजाडला. तिकडे आपला काइल हॅरिसन, कॉनकॉर्डच्या डे ला साल हायस्कूलचा, ज्याने २०२३ ला घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यात ११ स्ट्राइकआउट घेतले, तो स्प्रिंगनंतर सॅक्रामेंटोत.

कँडलस्टिक

वर्लँडरचे ४ विजय, ११ पराभव बघू नका. त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ३.८५ होता, २९ स्टार्ट दिल्या. आपल्या बॅटनी त्याला धावाच दिल्या नाहीत. जुलैतल्या ऑल-स्टार सामन्यानंतर तर तो आपल्या सर्वांत भरवशाच्या पिचरपैकी एक होता. ४२ व्या वर्षी मधल्या मोसमात स्वतःचं पिचिंग दुरुस्त करणारा माणूस लँडन रूपसारख्या पोराला रोज समोर दिसतो, याची किंमत कशी लावणार? हॅरिसनचा वेग स्प्रिंगमध्ये कमी झाला होता, म्हणून तो खाली गेला. आणि तो वाया गेला नाही, त्याला देऊनच डेव्हर्स मिळाला.

तुम्ही सगळे जुन्यांकडे आज काय करतो एवढंच बघता. एंजल्सनी मे २०२१ मध्ये पुहोल्सला काढलं तेव्हा सगळे हेच म्हणत होते. .१९८, वय ४१, फर्स्टला जॅरेड वॉल्श हवा. पुढच्या वर्षी सेंट लुईसने त्याला घेतलं. जुलैपर्यंत त्याचे सहा होमर होते. तिथेही तरुणांसाठी "गोरमनला खेळवा, येपेझला खेळवा" चालूच होतं. त्यांनी धीर धरला. दुसऱ्या अर्ध्यात त्याने अठरा मारले. २३ सप्टेंबरला डॉजर स्टेडियमवर एकाच रात्री कारकिर्दीतला ६९९ वा आणि ७०० वा होमर.

ईस्टबेकर

पुहोल्सपुढे मी नतमस्तक आहे, पण त्या मोसमात त्याला मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर उतरवत होते, आणि गोरमनला उजव्या पिचरसमोर जागा मिळत होती. कुणाचा रस्ता अडला नाही. एंजल्सचा निर्णयही २०२१ पुरता बरोबर होता, वॉल्श त्या वर्षी ऑल-स्टार झाला. पुढे तो दुखापतीने खचला ही वेगळी गोष्ट. तरुण म्हणजे हमी असं मी कुठेच म्हटलेलं नाही. चाळिशीतला पुहोल्स शंभर वर्षांत एखादाच असतो, त्याच्या जिवावर धोरण ठरत नाही. अग्ला आणि तेहादा दर वर्षी सापडतात.

हिशेबनीस

मग आकडा सांगा. एल्ड्रिजला किती ॲट-बॅट्स देणार? एप्रिलअखेर .१५० असेल तर काय कराल?

ईस्टबेकर

मेअखेरपर्यंत, म्हणजे रोज खेळला तर दोनशेच्या आसपास. ॲव्हरेज बघणारच नाही. तीन गोष्टी बघेन. झोनबाहेरच्या ब्रेकिंग बॉलमागे बॅट जाते का, ते एप्रिलपेक्षा मेमध्ये कमी झालं का, आणि बॅटला लागतो तेव्हा किती जोरात लागतो. पहिल्या दोन गोष्टींत काहीच फरक नसेल तर जूनमध्ये खाली पाठवा, माझी तक्रार नाही. त्याचे ऑप्शन अजून शिल्लक आहेत, आणि खाली जाताना नक्की काय दुरुस्त करायचं ते त्याला कळलेलं असेल. सॅक्रामेंटोत हे कळत नाही, कारण तिथल्या पिचरच्या चुका तो मारून टाकतो.

मीनल ता.

दोनशे ॲट-बॅट्स मलाही मान्य. पण एक अट. डाव्या पिचरसमोर पहिला महिना आठवड्यातून एक-दोनदा बसू द्या त्याला. आणि बाकावर एक जुना माणूस हवाच. विटेलो कॉलेजमधून येताहेत, १६२ सामन्यांचा मोसम त्यांनीही कधी चालवलेला नाही.

कँडलस्टिक

मीनलताईंची अट मला मान्य आहे, ईस्टबेकरांची नाही. दोन महिने .१५० वर डीएच खेळवायचा म्हणजे पाच-सहा सामने गेले. ८१ जिंकलेल्या संघाला वाइल्ड कार्डसाठी तेवढेच हवे असतात. थर्ड बेसचा चॅपमन बत्तीस वर्षांच्या पुढे गेला, पिचर वेब तिशीकडे निघालाय. त्यांची चांगली वर्षं चाललीत ती आत्ता. मला मोर्ससारखा एक माणूस एका वर्षासाठी हवा, आणि एल्ड्रिज जूनमध्ये. पोझी आता स्वतः सगळा कारभार बघतो, आणि मेअखेरपर्यंत थांबणं काय असतं ते त्याने स्वतः अनुभवलंय.

ईस्टबेकर

अनुभवलंय म्हणूनच मला आशा आहे की तो एल्ड्रिजला थांबवणार नाही. आणि काका, जूनमध्ये त्या मोर्सचं काय करणार? करार वर्षाचा, ऑप्शन नाही, बॅट .२४०. ना काढण्याइतकी वाईट, ना ठेवण्याइतकी चांगली. २०११ ला हफचं नेमकं हेच झालं होतं, आणि बेल्ट फ्रेस्नोला जात राहिला.